शेवटची सात मिनिटं

मी सिनेमा पाहिलेला नाही.
शेवटची सात मिनिटं पाहिली आहेत, एकोणीस वेळा,
दाराला टेकून, हातात झाडू,
दिवे लागायची वाट बघत.
हॅनकॉकमध्ये थिएटर एकच, पडदाही एकच,
आणि डिसेंबरात बर्फ कमरेएवढा,
त्यामुळे जे लागेल ते सगळं गाव बघतं
आणि गालिच्यावर रस्त्यावरच्या मिठाचे
पांढरे नकाशे सोडून जातं.

जुनं तुम्हाला ठाऊक नसेल.
पंचवीस मिनिटांचं, लोकरीच्या बदकाचं,
नाताळाच्या आदल्या मंगळवारी टीव्हीवर.
एक डोळा बटणाचा, दुसरा नुसता टाका.
गोठलेल्या तळ्यावरून ते हरवलेल्या दिवेवाल्याला शोधत जायचं
अडखळत, थांबत,
जणू दर पावलाला कुणाची तरी परवानगी लागते.

आताचं बदक खरं आहे. म्हणजे खरं नाही,
पण पीस न् पीस मोजून घ्यावं असं.
श्वास सोडला की चोचीतून वाफ येते.
दिवेवाला हाडामासाचा माणूस, दाढी कोरलेली,
आणि त्याला बालपणीचं एक दुःख दिलं आहे.

"दुःख कशाला?" मिसेस कोइविस्तो म्हणाल्या,
एक हात कोटाच्या बाहीत, एक बाहेर.
"तो वाट चुकला होता.
तेवढं पुरत नाही का आता?"

डेल रुओना रात्रभर बर्फाचा नांगर चालवतो.
तो म्हणाला, बर्फ खोटा आहे.
"पहाटे तीनला माझ्याशेजारी बसा म्हणावं.
जुन्यात कापूस होता, कबूल,
पण कापसाला वजन होतं."

शाळेतल्या मिस ओडगार्डना मात्र आवडला.
"जुन्यात बाई एकच," त्या म्हणाल्या,
"आणि ती पंचवीस मिनिटं पाव भाजत होती."
ह्यावर लॉबीत कुणी बोललं नाही.
पॉपकॉर्नचं यंत्र तेवढं बोललं.

सहा वर्षांची टिल्डा टोपीचे बंद चघळत म्हणाली,
"बदकाला भूक लागली होती.
शेवटपर्यंत कुणी काही दिलंच नाही."
आईने तिला ओढत नेलं, गाडी गोठत होती.

वेन मात्र खुर्चीतच.
नावं वर सरकत गेली, संपली, तरी बसलेला.
मी त्याच्या बुटांभोवतून झाडलं.
"बाराव्या मिनिटाला," तो म्हणाला, "अंगठा दिसायचा.
डाव्या कोपऱ्यात खाली. कुणाचा तरी. क्षणभर.
बाहुली हलवणाऱ्याचा राहून गेला असेल.
मी आणि रे पालथे पडून त्याचीच वाट बघायचो.
जो आधी ओरडेल त्याला दुसऱ्याची बिस्किटं."
मग जरा वेळाने,
"ह्यात अंगठा नाही."
मला रे माहीत होता.
मे महिन्यात चर्चच्या तळघरात
त्याच्या माणसांना कॉफी मीच ओतली होती.

मालक विचारतो, लोक काय म्हणतात, इर्मा?
मी म्हणते, मीठ फार आणतात.

माझं मत कुणी विचारत नाही, ते बरं आहे.
सात मिनिटांवर काय मत देणार?
बदक पंख पसरतं, व्हायोलिनं चढतात,
लोक नाकं पुसतात, जुन्याचे कैवारीसुद्धा,
अंधारात कोण बघतंय.
आणि मी हल्ली डाव्या कोपऱ्याकडे बघते.
माझं मिनिट ते नव्हे, ठाऊक आहे.
तिथे बर्फ आहे, निळसर,
कुणाचाही हात न लागलेला.

शनिवारी दुपारच्या खेळानंतर
पडद्याच्या अगदी खाली,
जिथे कुणी बसत नाही, काही सांडत नाही,
पावाचे तुकडे पडलेले.
राईचा पाव, घरचा, बारीक कुस्करलेला,
लहान चोचीला जमेल असा.

ओळ न् ओळ झाडत मी तिथवर आले
आणि झाडू भिंतीला टेकवला.
सातच्या खेळाला अजून वेळ होता.